शस्त्रक्रियेनंतरचे दहा दिवस

“शस्त्रक्रिया उत्तम झाली,” हे डॉक्टरांचे शब्द कानीं पडले, म्हणजे दाराबाहेर ताटकळत बसलेल्या मंडळींचा जीव भांड्यांत पडतो. कोणी देवापुढें साखर ठेवण्यास घरीं कळवितें, कोणी गांवाकडे फोन करतें, आणि संकट टळलें असें समजून जो तो निर्धास्त होतो. हा आनंद स्वाभाविक आहे. परंतु तो थोडा अगोदरचा आहे. चिरा घेणें व टांके घालणें हें शस्त्रवैद्याचें काम पुष्कळदां एक-दोन तासांत आटोपतें. त्यानंतर जखम निर्वेध भरून येते कीं पिकते, ह्याचा निकाल बहुधा पुढील आठ-दहा दिवसांत लागतो, आणि त्या दिवसांतील पुष्कळसें काम घरच्या माणसांच्या हातीं असतें. कोणाचा हर्निया, कोणाचा मोतीबिंदु, सुनेचें सिझेरियन, आजोबांचा गुडघा, असा एखादा प्रसंग हल्लीं बहुतेक कुटुंबांत येऊन गेलेला असतो किंवा यावयाचा असतो. म्हणून ह्या दहा दिवसांचा विचार प्रत्येक घरानें अगोदरच करून ठेवलेला बरा.

शस्त्रक्रिया चांगली होऊनहि जखम कशी दगा देते, ह्याचें एक उदाहरण पुण्यांतलेंच आहे. येरवड्याच्या तुरुंगांत शिक्षा भोगीत असतां महात्मा गांधींना अपेंडिसायटिस, म्हणजे आंत्रपुच्छाचा दाह, झाला. त्यांना ससून रुग्णालयांत हलविण्यांत आलें, आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं कर्नल मॅडॉक ह्यांनीं शस्त्रक्रिया केली. मध्येंच विजेचे दिवे गेले; परिचारिकेच्या हातांतील बॅटरीहि विझली; आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. इतक्या अडचणींतून शस्त्रक्रिया नीट पार पडली. तरी पुढें त्या जागीं गळूं धरलें, आणि प्रकृति सुधारण्यास अपेक्षेपेक्षां अधिक दिवस लागूं लागले. अखेर ५ फेब्रुवारीस सरकारनें त्यांची मुक्तता केली, व विश्रांतीसाठीं ते जुहू येथें जाऊन राहिले. शस्त्रवैद्य कुशल, रोगी अत्यंत संयमी, आणि साऱ्या देशाचें लक्ष त्या एका खाटेकडे लागलेलें; तरीहि जंतूनें आपली वाट काढलीच. पेनिसिलिनचा शोध लागावयास अद्याप चार वर्षें होतीं. आज औषधें आहेत, यंत्रें आहेत, वातानुकूलित शस्त्रक्रियागृहें आहेत. परंतु जंतूची वाट मात्र तीच राहिली आहे.

जंतूची वाट

त्वचा ही शरीराची तटबंदी होय. ती अभंग आहे तोंवर तिच्यावर वावरणाऱ्या अगणित जंतूंचा आपणांस सहसा उपद्रव होत नाहीं. शस्त्रवैद्य चिरा घेतो, तेव्हां तो रोग्याच्या हितासाठींच ह्या तटास खिंडार पाडीत असतो. त्या खिंडारांतून आंत शिरणारा शत्रु पुष्कळदां दुरून चालून येत नाहीं; तो तटावरच बसलेला असतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस नांवाचा जो जंतु जखमा पिकविण्याच्या कामीं अग्रेसर आहे, तो सुमारें दर तीन निरोगी माणसांपैकीं एकाच्या नाकपुडींत मुक्कामास असतो. शस्त्रक्रिया आंतड्यावर असेल, तर आंतड्यांतलेच जंतु जखमेंत उतरण्याची भीति असते. ह्यांशिवाय जे येतात, ते मुख्यतः माणसांच्या हातांवरून आणि नीट शुद्ध न केलेल्या हत्यारांवरून येतात.

आंत शिरलेल्या पुष्कळ जंतूंचा फडशा रक्तांतील पांढऱ्या पेशी पाडतात. परंतु जखमेंत रक्त सांकळून राहिलें असेल, मधुमेहामुळें रक्तांतील साखर वाढलेली असेल, तंबाखूच्या व्यसनानें जखमेस होणारा रक्ताचा पुरवठा कमी पडत असेल, किंवा कृत्रिम सांध्यासारखी परकी वस्तु आंत बसविलेली असेल, तर थोड्या जंतूंनाहि थारा मिळतो. म्हणूनच जखमेची लागण झाली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं शस्त्रक्रियेनंतर ३० दिवस, आणि आंत कांहीं बसविलें असल्यास ९० दिवसांपर्यंत, रोग्यावर लक्ष ठेवावें असा संकेत आहे. रोगी मात्र आठवड्याच्या आंतच घरीं आलेला असतो. तेव्हां जखम पिकली, तर ती पुष्कळदां घरींच पिकते. आणि ती प्रथम दिसते ती डॉक्टरांस नव्हे, घरच्या माणसांस.

दृष्टीस न दिसणारा दोष स्पर्शानें एका वस्तूवरून दुसरीवर जातो, ही गोष्ट आमच्या घरांतील वडील मंडळींस समजावून देण्यास वास्तविक फार श्रम पडूं नयेत. सोवळें ज्यांनीं पाळलें, निदान पाळतांना पाहिलें, त्यांना ही कल्पना नवी नाहीं. परंतु साम्य येथेंच संपतें. रेशमी मुकटा महिनोन्महिने धुतला नाहीं तरी सोवळाच राहतो. शस्त्रक्रियेच्या वेळीं जखमेभोंवतीं पसरलेलें वस्त्र मात्र अगोदर निर्जंतुक केलेलें असावें लागतें. सोवळें माणसाची जात विचारतें. जंतूला जात कळत नाहीं, वेदशास्त्रसंपन्न गृहस्थांच्या नाकपुडींतहि तो तितक्याच सुखानें नांदतो. आणि सर्वांत मोठा भेद असा कीं, सोवळ्यांत आपण दुसऱ्यांपासून स्वतःस जपतों. जखमेच्या बाबतींत आपणांपासून दुसऱ्यास जपावयाचें असतें. एवढी एक गोष्ट मनांत ठसली, तर पुढचें सारें आपोआप सुचेल.

आमच्या जुन्या शल्यवैद्यांना ह्याची चाहूल लागली नव्हती असें नाहीं. जखमी मनुष्यानें नखें व केस कापून, स्वच्छ होऊन, पांढरीं वस्त्रें नेसून राहावें, आणि त्याच्या खोलींत मोहऱ्या, कडुनिंबाचीं पानें, तूप व मीठ ह्यांची धुरी दहा रात्रीं रोज दोनदां द्यावी, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. रक्तमांसाच्या लोभानें निशाचर जखमेकडे धांव घेतात, अशी त्यामागची समजूत. सूक्ष्मदर्शक यंत्र हातीं नसतां न दिसणाऱ्या शत्रूस ह्याहून वेगळें नांव तरी कोणतें द्यावें? धुरीच्या गुणांचा वाद बाजूस ठेवला, तरी दहा दिवस दक्षता हवी हें मर्म त्यांनीं ओळखलें होतें.

हातांची कहाणी

आपल्याच हाताला दोष आहे हें कबूल करणें मोठें कठीण. ह्याची हकीकत व्हिएन्ना शहरांतील सार्वजनिक रुग्णालयाची आहे. तेथें बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, बहुतेक सूतिकाज्वरानें. दुसऱ्यांत हें प्रमाण शेंकडा तिहींच्या आंत होतें. पहिल्या विभागांत घालूं नका म्हणून बायका रडत, गयावया करीत. तेथें काम करणारा इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरियन तरुण डॉक्टर ह्या भेदानें बेचैन झाला होता. १८४७ च्या मार्चमध्यें त्याचा एक स्नेही शवविच्छेदनाच्या वेळीं बोटास सुरी लागून वारला, आणि त्याच्या प्रेतांत सूतिकाज्वरासारख्याच खुणा आढळल्या. सेमेलवाइसच्या डोक्यांत लख्ख प्रकाश पडला. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनीं बाळंतिणींस तपासीत. सुइणी तें काम करीत नसत. मे महिन्यांत त्यानें क्लोरीनयुक्त पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली. एप्रिलमध्यें शेंकडा १८ असलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें शेंकडा २ च्या आसपास आलें.

ह्यानंतर जगानें त्यास डोक्यावर घेतलें असेल असें वाटेल. पण तसें झालें नाहीं. सभ्य व सुशिक्षित डॉक्टरांच्या हातून मृत्यु वांटला जातो, हें ऐकून घेण्यास फार थोडे तयार होते. उपेक्षेनें खचलेल्या सेमेलवाइसचा अंत १३ ऑगस्ट १८६५ रोजीं वेड्यांच्या इस्पितळांत झाला, आणि तोहि जखम चिघळून रक्त दूषित झाल्यानें! दैवाची गति अशी कीं, त्याच्या आदल्याच दिवशीं ग्लासगो येथील रुग्णालयांत जोसेफ लिस्टर ह्यानें गाडीच्या चाकाखालीं पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बॉलिक ॲसिडांत भिजविलेली पट्टी ठेवली होती. हाड मोडून कातडी फाटली म्हणजे पाय कापावयाचा, नाहींतर प्राणाशीं गांठ, असा तो काळ. त्या मुलाची जखम न पिकतां भरली, आणि सहा आठवड्यांनीं तो आपल्या पायांनीं घरीं गेला. पुढें लिस्टरनें आपलेच आंकडे प्रसिद्ध केले. ही रीत सुरू होण्यापूर्वीं अवयवच्छेदाच्या ३५ रोग्यांपैकीं १६ दगावले होते. नंतरच्या ४० पैकीं ६ च.

तरीहि सर्वांनीं हा धडा घेतला नाहीं. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांना २ जुलै १८८१ रोजीं गोळी लागली. ती शरीरांत अशा ठिकाणीं रुतली होती कीं, तिला न हालवितां ते कदाचित् वांचते, असें पुढील शल्यवैद्यांचें मत पडलें. परंतु ती शोधण्यासाठीं एकामागून एक डॉक्टरांनीं न धुतलेलीं बोटें व शलाका जखमेंत घातल्या. जखमेंत पुवाचे मार्ग पडले, धिप्पाड देह अस्थिपंजर झाला, आणि ७९ दिवस यातना भोगून अध्यक्ष निवर्तले. लिस्टरनें स्वतः अमेरिकेंत जाऊन आपली पद्धति समजावून सांगितली, त्यास तेव्हां पांच वर्षें होऊन गेलीं होतीं.

रबरी हातमोज्यांची गोष्ट त्या मानानें गोड आहे. बाल्टिमोर येथील शस्त्रवैद्य हॉलस्टेड ह्यांची परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन हिचे हात जंतुनाशक द्रावणानें सोलून निघत. तिच्यासाठीं म्हणून त्यांनीं १८८९ च्या सुमारास एका रबर कंपनीकडून पातळ हातमोजे करवून घेतले. पुढच्याच वर्षीं दोघांचा विवाह झाला. परिचारिकेचे हात राखण्यासाठीं आलेले मोजे रोग्यांचे प्राण राखणारे ठरले, हें मागाहून लक्षांत आलें.

औषधांचा भरंवसा

१९४० नंतर पेनिसिलिन हातीं आलें, आणि जंतूंचा निकाल लागला असें लोकांस वाटलें. परंतु त्याचा शोध लावणारे फ्लेमिंग ह्यांनींच १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत इशारा दिला होता कीं, अपुऱ्या मात्रेनें औषध घेतल्यास जंतु त्यास सरावतील. तसेंच झालें. पेनिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस त्याच दशकांत रुग्णालयांतून दिसूं लागले. त्यांच्यावर काढलेल्या मेथिसिलिनलाहि न जुमानणारी जात १९६१ सालीं इंग्लंडांत आढळली. आज आपल्या देशांतील रुग्णालयांपुढें हा प्रश्न फार बिकट आहे.

येथें घरच्यांची एक समजूत बदलावयास हवी. “डॉक्टरांनीं शस्त्रक्रियेनंतर आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या नाहींत,” अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं ह्याविषयीं २९ शिफारसी प्रसिद्ध केल्या. त्यांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, जखम पिकूं नये म्हणून द्यावयाचें प्रतिजैविक औषध चिऱ्यापूर्वींच्या दोन तासांत व गरजेप्रमाणें शस्त्रक्रिया चालू असतांना द्यावें; केवळ खबरदारी म्हणून तें पुढें चालू ठेवूं नये. सुरी लागण्याच्या क्षणीं औषध रक्तांत हजर असलें म्हणजे तें कामास येतें. मागाहून लांबविल्यानें लाभ होत नाहीं, जंतु मात्र निर्ढावतात. अर्थात् लागण झालेलीच असेल, तर उपचार निराळा, आणि तेव्हां डॉक्टरांनीं सांगितलेला क्रम पुरा केलाच पाहिजे.

ह्याच संघटनेच्या सांगण्याप्रमाणें अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ११ जणांस लागण होते. हें प्रमाण उतरविण्यास नेहमींच महागडीं यंत्रें लागतात असें मात्र नाहीं. रोगी कोण, शस्त्रक्रिया कोणत्या अंगावर, औषध वेळेवर दिलें कीं नाहीं, हत्यारें निर्जंतुक आहेत कीं नाहींत, असे साधे प्रश्न मोठ्यानें विचारून खात्री करून घेण्याची यादी दिल्लीसह जगांतील आठ शहरांत वापरून पाहिली. तेथें मृत्यूचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें, व गुंतागुंतीचें ११ वरून ७ वर. हे आंकडे २००९ सालीं प्रसिद्ध झाले. एका कागदानें इतकें साधावें, ह्यांतच दक्षतेचें मोल दिसून येतें.

घरच्यांचें कर्तव्य

शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असेल तर तयारी घरापासून सुरू होते. मधुमेह असल्यास साखर अगोदर आटोक्यांत आणावी. तंबाखू व धूम्रपान निदान चार आठवडे आधीं सोडावें. अंगावर गळूं, किडका दांत, खोकला, ताप असें कांहीं असल्यास तें लपवूं नये. तारीख पुढें ढकलावी लागली तरी चालेल. आदल्या दिवशीं वा त्याच दिवशीं सकाळीं साबणानें स्वच्छ स्नान करावें. मात्र शस्त्रक्रियेच्या जागेवरील केस घरीं वस्तऱ्यानें काढूं नयेत. वस्तऱ्यानें कातडीवर डोळ्यांस न दिसणारे ओरखडे उठतात, आणि त्यांत जंतूंस घर मिळतें. केस काढणें आवश्यकच असेल, तर रुग्णालयांत ते यंत्रानें कातरतात.

ह्यापुढें नाजूक गोष्ट समाचाराची. आजाऱ्याच्या समाचारास न जाणें म्हणजे आपुलकीस कमीपणा, अशी आमच्याकडे रीत आहे, आणि तिच्या मुळाशीं प्रेमच आहे. परंतु बसनें, आगगाडीनें आलेलीं पंधरा माणसें खाटेवर टेकतात, रोग्याच्या गालावरून हात फिरवितात, पिशव्या अंथरुणावर ठेवतात, आणि सर्दी झालेलें नातवंड आजीच्या कुशींत बसवितात, तेव्हां ह्या प्रेमांतून काय काय पोंचतें ह्याचा विचार व्हावा. पहिले कांहीं दिवस एक-दोन माणसांनींच जवळ राहावें. बाकीच्यांनीं फोनवर विचारपूस करावी, घरचें काम उचलावें, डबा पोंचवावा. तोहि समाचारच आहे. जवळ जाणाऱ्यानें जातांना व निघतांना हात साबणानें धुवावे किंवा तेथें ठेवलेलें द्रावण चोळावें. पट्टीला, नळीला हात लावूं नये. आणि पट्टी बदलण्यास आलेल्या व्यक्तीस, मग ती कितीहि मोठी असो, “हात स्वच्छ केलेत ना?” असें नम्रपणें विचारण्यास संकोचूं नये. चांगल्या डॉक्टरांस ह्या प्रश्नाचा राग येत नाहीं. लघवीसाठीं घातलेली नळी व हातांतील सलाईनची सुई अद्याप आवश्यक आहे का, हेंहि रोज विचारावें; गरजेपेक्षां एक दिवस अधिक राहिलेली नळी म्हणजे जंतूंस एक दिवस अधिक उघडें ठेवलेलें दार.

घरीं आल्यावर पट्टी केव्हां बदलावी, स्नान केव्हां करावें, हें लिहून आणावें व तसेंच वागावें. हळद, खोबरेल, राख, झाडपाल्याचा लेप, ह्यांपैकीं कांहींहि टांक्यांवर लावूं नये. देवाचा अंगारा कपाळास लावावा, जखमेस नव्हे. भातानें पू होतो, आंबटानें टांके पिकतात, ह्या समजुतींपायीं रोग्यास उपाशी ठेवूं नये. जखम भरण्यास अन्न लागतें. डॉक्टरांनीं विशेष पथ्य सांगितलें नसेल तर वरण, उसळ, दूध, ताक, पनीर असें प्रथिनयुक्त अन्न द्यावें. पडून राहणें म्हणजेच विश्रांति, असें समजूं नये. दीर्घ श्वास न घेतल्यानें फुप्फुसांत कफ सांचून न्युमोनिया होतो. पाय न हालविल्यानें पोटरीच्या शिरेंत रक्ताची गांठ धरते, आणि ती सुटून फुप्फुसांत गेली तर प्राणावर बेततें. डॉक्टरांनीं चालण्यास सांगितलें म्हणजे दया न दाखवितां चालवावें.

धोक्याच्या खुणा

ह्या दिवसांत एका समजूतदार व्यक्तीनें जबाबदारी घेऊन रोज दोन वेळां ताप पाहावा व वहींत मांडावा. पहिल्या दोन दिवसांतील थोडा ताप पुष्कळदां निरुपद्रवी असतो. परंतु पहिले तीन-चार दिवस बरे जाऊन मग ताप चढला, जखमेभोंवतीं लाली व ऊब वाढली, कमी होत चाललेलें दुखणें पुन्हा बळावलें, पट्टी ओली होऊं लागली किंवा तिला घाण येऊं लागली, तर वाट पाहूं नये. थंडी वाजून ताप, धाप, जीभ अडखळणें वा बडबड, लघवी अगदीं कमी होणें, ही विषार रक्तांत पसरल्याचीं लक्षणें असूं शकतात. येथें तासांचा हिशेब असतो. फार वृद्ध माणसांत ताप न येतांहि लागण होते. आजोबा एकाएकीं गोंधळल्यासारखे बोलूं लागले, तर म्हातारपण म्हणून सोडून देऊं नये. एका पोटरीस सूज व दुखणें, किंवा छातींत अचानक कळ, हीहि तांतडीचीच सूचना.

दुर्बिणीनें झालेल्या शस्त्रक्रियेंत छिद्रें लहान असतात, म्हणून बेसावध राहूं नये. हत्यारें नीट निर्जंतुक झालीं नसल्यास पाण्यांत आढळणारे क्षयाच्या जातकुळीचे कांहीं जंतु आंत जातात. त्यांची गांठ कित्येक आठवड्यांनीं त्या छिद्राशीं उठते व सतत पाझरते, आणि नेहमींच्या औषधांस दाद देत नाहीं. अशा वेळीं दुकानांतून गोळ्या आणून घेत बसण्यापेक्षां पुवाची तपासणी करवून घ्यावी.

घरांतील स्त्रियांविषयीं दोन शब्द अवश्य लिहावयास हवेत. सिझेरियन झालेली सून किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली सासू टांक्यांतून पाणी येतें हें संकोचानें कोणास सांगत नाहीं. ताप अंगावर काढते, आणि पाहुणे आले म्हणजे कंबरेला पदर खोचून ओट्याशीं उभी राहते. तिच्या सहनशीलतेचें कौतुक करण्याची ही वेळ नव्हे. पुरुषाच्या हर्नियास जितके दिवस विश्रांति, तितकी तिलाहि हक्कानें मिळाली पाहिजे. तिची जखम रोज कोणीतरी आपुलकीनें पाहिली पाहिजे, आणि “कांहीं होत नाहीं” ह्या तिच्या उत्तरावर घरानें समाधान मानतां कामा नये.

शस्त्रवैद्याचें कौशल्य, औषधांचा प्रभाव, दैवाची अनुकूलता, ह्या गोष्टी आपल्या हातच्या नाहींत. आपले हात तेवढे आपल्या हातचे आहेत. ते धुण्यास अर्धा-पाऊण मिनिट पुरतें. व्हिएन्नांतील डॉक्टरांस तेवढ्याची लाज वाटली, म्हणून किती तान्हीं मुलें पोरकीं झालीं. आपल्या घरांत ती लाज कोणास वाटूं नये.